चुंबकाच्या अलीकडचं पाणी आणि पलीकडचं: नागपुरातल्या एका सोसायटीचं प्रकरण

फेब्रुवारीच्या अखेरीला एका संध्याकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. हातात चकचकीत माहितीपत्रक. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवली. हे खरं का खोटं, तेवढं सांगून द्या. लोक मागे लागून राहिले." पत्रकावर पाण्याच्या पाइपाला दोन्ही बाजूंनी बसवायचं चुंबकाचं यंत्र होतं. किंमत 68,000 रुपये, पाडव्याच्या आत घेतलं तर 10,000 सूट. त्यातून पाणी गेलं की ते 'मऊ' होतं, गिझरची कॉइल पांढरी पडत नाही, केस गळायचे थांबतात, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत, मुतखडा विरघळतो.

मी तिथल्या तिथे 'खोटं' म्हणू शकले असते. बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यावर जिभेवर तेवढा धीर येतो. म्हटलं नाही हे बरं झालं. पुढच्या पंधरवड्यात माझ्याच ब्युरेटने (द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडायच्या काचेच्या नळीने) मला असा आकडा दाखवला, की त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांच्या बोअरचं पाणी जड आहे आणि ज्यांच्या दारात असं पत्रक येऊन पडलं आहे, त्यांच्यासाठी हे सगळं नीट लिहून ठेवते.

तक्रार काय होती

आमची इमारत पश्चिम नागपुरात, त्रिमूर्तीनगरच्या बाजूला. चोवीस घरं, खाली एक टाकी, गच्चीवर एक, मागच्या अंगणात बोअर. खालच्या टाकीत महापालिकेच्या नळाचंही पाणी येतं आणि बोअरचंही. तिथून मोटरने वर चढतं आणि मग घराघरांत उतरतं.

गेल्या हिवाळ्यात चार घरांचे गिझर गेले. प्लंबरने आमच्या गिझरची कॉइल काढून ओट्यावर ठेवली, तेव्हा ती कॉइल आहे हे ओळखू येईना. भुईमुगाच्या शेंगेसारखी खडबडीत, पांढुरकी, मूळच्या दुप्पट जाड. पकडीने दाबली तर थराचे पापुद्रे टणकन उडून फरशीवर पडले. शॉवरची निम्मी भोकं बुजलेली. साबणाला फेस नाही. आणि बायकांची सगळ्यात मोठी तक्रार वेगळीच होती: कुकरच्या सहा शिट्ट्या झाल्या तरी वरणाची डाळ दाणा-दाणा राहायची. तीही पाण्याचीच करणी. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला पाण्यातलं कॅल्शियम आणखी घट्ट बांधतं.

नागपूर दोन खडकांच्या शिवेवर वसलं आहे. पश्चिमेला दख्खनचा काळा बेसॉल्ट (सीताबर्डीची टेकडी त्याचीच), पूर्वेकडे जुने पट्टिताश्म आणि गोंडवनाचे वालुकाश्म. पावसाचं पाणी मातीतून मुरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोडवत खाली उतरतं. बोअरमधून आपण उपसतो ते हे पाणी. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. ते तापवलं की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं. कॅल्शियम कार्बोनेटचा स्वभाव साखर-मिठाच्या उलटा, गरम पाण्यात ते कमी विरघळतं. म्हणून थर जिथे सगळ्यात जास्त ताप असेल तिथेच बसतो, म्हणजे नेमका कॉइलवर.

भारतीय मानक 10500 च्या 2012 सालच्या आवृत्तीत पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत चांगली मानली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची सवलत आहे. त्या संध्याकाळी मी जुनी पेटी उघडली. ब्युरेट, पिपेट, शंकुपात्र आणि विद्यार्थ्याने कॉलेजातून आणून दिलेलं ईडीटीएचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणाऱ्या रसायनाचं, ताजं द्रावण. स्वयंपाकघरातल्या नळाचं 50 मिलिलिटर पाणी घेतलं, अमोनियाचं बफर आणि चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी टाकलं. पाणी कोकमाच्या सरबतासारखं लाल झालं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गेले. आधी लाल जांभळं पडतं, मग एका थेंबाला स्वच्छ निळं होतं. तिथे थांबायचं. 24.4 मिलिलिटर. वीसने गुणलं की लिटरला 488 मिलिग्रॅम.

यंत्र बसलं आणि आकडा खरंच उतरला

विक्रेता तरुण मुलगा होता, बोलायला नम्र. "काकू, तीन महिने फुकट वापरून पाहा. फरक पडला तरच पैसे द्या." मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो एका प्लंबरला घेऊन आला आणि खालच्या टाकीतून वर चढणाऱ्या पाइपावर यंत्र आवळून गेला.

आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला, फेस येतो आहे. दुसऱ्या मजल्यावर डाळ शिजली. मला वाटलं, माणसाला जे हवं असतं ते दिसतं. रविवारी मीटिंगच्या आधी सकाळी मी पुन्हा ब्युरेट भरली. त्याच नळाचं पाणी, तेच द्रावण. 12.9 मिलिलिटरला निळं झालं.

परत केलं. 12.9. तिसऱ्यांदा, शंकुपात्र ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन. 13.0.

म्हणजे 258. पाण्यातली कठीणता जवळजवळ निम्म्यावर आली होती, आणि मधल्या काळात नवीन काही घडलं असेल तर ते चुंबकच. कॅल्शियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) पाण्यातून नाहीसे व्हायचे तर ते कुठेतरी गेले पाहिजेत. चुंबकाने त्यांना अडवलं म्हणावं, तर ते साठलेत कुठे? ब्युरेट मोजते ती पाण्यात असलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची मोजदाद. तिथे 'रचना बदलली' वगैरे पळवाट नाही. लिटरला 230 मिलिग्रॅम गायब होते, आणि आमच्याकडे रोज बारा-पंधरा हजार लिटर पाणी वर चढतं. म्हणजे रोजचा तीन किलोंच्या आसपास क्षार. एवढा ढीग पाइपात लपत नाही.

मीटिंगमध्ये मी दोन्ही आकडे जसेच्या तसे सांगितले. माझ्या समजुतीच्या विरुद्ध जाणारा आकडा खिशात ठेवणं मला शक्य नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सेक्रेटरी म्हणाले, "मग पाडव्याच्या आत चेक देऊन टाकू." मी एवढंच मागितलं, दहा दिवस द्या.

अलीकडे आणि पलीकडे

आधी काय आणि नंतर काय, अशी तुलना आपण सगळेच करतो. घरातलं औषध असो, शेतातलं खत असो. पण 'आधी' आणि 'नंतर' यांच्यामध्ये दिवस जातात आणि त्या दिवसांत इतरही शंभर गोष्टी बदलतात. चुंबकाच्या बाबतीत सोय अशी, की दिवस जाऊच द्यायचे नाहीत. एकाच क्षणी चुंबकाच्या अलीकडचं पाणी घ्यायचं आणि पलीकडचं घ्यायचं.

सोमवारी सकाळी सात वाजता मोटर चालू असताना मी खाली पंपाजवळच्या कॉकमधून बाटली भरली. त्याच वेळी शेजारच्या सातवीतल्या मुलीने गच्चीवर टाकीत पडणाऱ्या धारेखाली दुसरी बाटली धरली. अलीकडे 12.9, पलीकडे 12.9. संध्याकाळी 13.4 आणि 13.4. मंगळवारी 12.2 आणि 12.3.

चुंबक काहीही काढत नव्हतं. पाणी चुंबकापर्यंत पोचायच्या आधीच हलकं झालेलं होतं. मग ते हलकं कोणी केलं?

बुधवारी पहाटे पाच वाजता टॉर्च घेऊन मी खालच्या टाकीचं झाकण उघडायला गेले. चौकीदारकाका बाहेरच शेकोटीजवळ बसले होते. त्यांना विचारलं, बोअर किती वाजता सुरू होते? ते म्हणाले, "आता कुठं होते मॅडम? तो चुंबकवाला आला ना, त्या दिवशी प्लंबरनं बोअरचं बटण ऑटोवरून काढून मॅन्युअलवर टाकलं. काम करताना मोटर सुरू व्हायला नको म्हणून. तवापासून तसंच हाय. पाणी कमी पडलं की मीच लावतो."

हे कळलं आणि सगळी गाठ सुटली. पूर्वी बोअरचा टायमर पहाटे चारला मोटर सुरू करायचा आणि साडेपाचपर्यंत खालची टाकी काठोकाठ भरायचा. साडेपाचला महापालिकेचा नळ यायचा, तेव्हा टाकी भरलेली असायची. तरंगता बॉल वर आलेला असायचा आणि नळाचा वॉल्व्ह बंद. पेंच आणि कन्हानवरून आलेलं पाणी आमच्या दारापर्यंत येऊन रोज बरंचसं माघारी जात होतं, आणि आम्ही मुख्यतः बोअरचं पीत होतो. प्लंबरने बटण फिरवलं, टाकी पहाटे रिकामी राहायला लागली आणि नळाचं पाणी आत आलं.

दोन्ही पाणी मी वेगवेगळं तपासलं. नळाचं 6.0 मिलिलिटर, म्हणजे 120. बोअरचं 29.0, म्हणजे 580. आता साधा हिशोब करता येतो. 488 यायला बोअरचा वाटा 80 टक्के लागतो. 258 यायला 30 टक्के. चौकीदारकाका मोटर किती वेळ लावतात ते विचारलं तर आकडा जवळपास तेवढाच निघाला.

विक्रेत्याने ज्या दोन सोसायट्यांचे फोन नंबर दिले होते, तिथे मी फोन केले. दोन्हीकडे लोक खूश होते, मनापासून. दोन्हीकडे यंत्र बसलं त्याच आठवड्यात गिझरच्या कॉइल बदलल्या होत्या आणि टाकी धुतली होती. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्या घरात फरक पडला होता, आणि त्या फरकाचं श्रेय पाइपावर दिसणाऱ्या वस्तूला गेलं.

संत्र्याची फोड

दुसऱ्या मीटिंगला मी मृग बहाराचं एक संत्रं घेऊन गेले. मला लोकांना 'चुंबकाचा पाण्यावर काही परिणाम होत नाही' असं सांगायचं नव्हतं, कारण ते खोटं आहे.

सरबताच्या नळीच्या दोन टोकांना सोललेल्या संत्र्याची एकेक फोड टोचली. नळी मधोमध दोऱ्याने बांधून टांगली. सभागृहातले पंखे बंद केले, दारं लावली. नळी डुलायची थांबायला चार-पाच मिनिटं गेली. मग लहानसं पण जबर निओडिमियमचं चुंबक एका फोडीच्या अगदी जवळ नेलं, न टेकवता. काही क्षण काहीच नाही. आणि मग फोड हळूच, पाहुण्याला जागा करून द्यावी तशी, मागे सरकायला लागली. चुंबक दुसऱ्या बाजूने आणलं तर उलट दिशेने. चुंबकाचं कोणतंही टोक पुढे केलं तरी दूरच. मुलं खुर्च्यांवर चढून बघत होती.

फोड म्हणजे बहुतांश पाणी, आणि पाणी प्रतिचुंबकीय असतं. चुंबक त्याला ओढत नाही, अगदी किंचित लोटतं. मायकेल फॅरडेने 1845 मध्ये पदार्थांचा हा गुण उजेडात आणला. पाण्याच्या बाबतीत तो किती दुबळा, तर त्याची चुंबकग्राहिता उणे 9 भागिले दहा लाख इतकीच. तरी क्षेत्र पुरेसं जबर असेल तर एवढ्यावरही चमत्कार दिसतो. नेदरलँड्समधल्या नायमेखनला 1997 मध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी 16 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकक्षेत्राची ताकद मोजायचं एकक) चुंबकात पाण्याचे थेंब हवेत तरंगवले, आणि एक जिवंत बेडूकही. बेडूक बाहेर आला तेव्हा धडधाकट होता. त्याच्या अंगातल्या पाण्याला आयुष्यभराचा वळसा वगैरे काही बसला नव्हता. आमच्या पाइपावरच्या यंत्राचं क्षेत्र चुंबकाला अगदी चिकटून अर्धा टेस्लाही भरत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या इंजिनिअर भाऊंनी चांगली शंका काढली. "मॅडम, पण पाणी वाहतं आहे. वाहणाऱ्या आयनांवर चुंबकाचं बल येतंच ना?" येतं. त्याच तत्त्वावर पाणी मोजायची मोठी विद्युतचुंबकीय मीटर चालतात. पाइपाच्या आरपार चुंबकक्षेत्र असतं, त्यातून पाणी धावतं, आणि पाण्यातले आयन बाजूला रेटले जाऊन पाइपाच्या दोन भिंतींमध्ये काही मिलिव्होल्टचा दाब तयार होतो. वेग जितका जास्त तितका दाब जास्त. फॅरडेने 1832 मध्ये थेम्स नदीवर वॉटर्लू पुलापाशी तारा सोडून पृथ्वीच्या चुंबकत्वाने असा दाब मोजता येतो का ते पाहिलं होतं. पृथ्वीचं क्षेत्र फार क्षीण, त्याच्या हाती स्पष्ट काही लागलं नाही. पण तत्त्व बरोबर होतं.

आता आमच्या पाइपाचा हिशोब. पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर आणि पाइपाच्या आत 0.2 टेस्ला क्षेत्र आहे असं उदारपणे धरू. आयनावर येणारं बल हे मीटरला 0.3 व्होल्टच्या विद्युतक्षेत्राइतकं. आणि कॅल्शियमच्या आयनाला खेटून बसलेल्या पाण्याच्या रेणूला त्या आयनाचं जे क्षेत्र जाणवतं, ते मीटरला अब्जावधी व्होल्टच्या घरात असतं. त्या गर्दीत 0.3 व्होल्टचा धक्का म्हणजे बर्डीच्या बाजारात कुणाचा तरी पदर लागून जावा, तसा. शिवाय अशी यंत्रं विकणारे 'चुंबकाने पाण्याचे गुच्छ फुटतात' म्हणतात, तर पाण्याचे रेणू एकमेकांचे हात सेकंदाच्या लाखो कोटींच्या हिश्शाइतक्या वेळात धरतात आणि सोडतात. चुंबकाने काही मोडलं असं मानलं, तरी पाइपाचा पुढचा सेंटिमीटर ओलांडायच्या आत सगळं पुन्हा होतं तसं झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र मला तिथे गेल्यावरच दिसली. यंत्र बसवलं तो पाइप जीआयचा होता, म्हणजे लोखंडाचा. बसवताना अर्धी चुंबकं पाइपाला टकटक चिकटली, ते पाहून सगळे खूश झाले. पण लोखंडी भिंत चुंबकाच्या बलरेषा स्वतःतूनच वळवून घेते. आतल्या पाण्याच्या वाट्याला फारच थोडं क्षेत्र येतं. विक्रेत्याने दाव्यात सांगितलेलं क्षेत्रदेखील आमच्या पाण्याने कधी पाहिलं नव्हतं.

दोन पातेली

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण विक्रेत्याने एक मुद्दा धरला, आणि तो रास्त होता. "काकू, कठीणता तेवढीच राहते हे मान्य. आमचं म्हणणं आहे की थर कडक बसत नाही, भुसभुशीत होऊन पाण्याबरोबर निघून जातो." हा दावा ब्युरेटला कळत नाही. आणि त्याला थोडा आधारही आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या मायकेल कोई आणि स्टीफन कॅस यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चुंबकातून गेलेलं पाणी तापवल्यावर कॅल्शियम कार्बोनेटच्या कॅल्साइट या रूपाच्या तुलनेत अ‍ॅरागोनाइट या सुयांसारख्या स्फटिकांच्या रूपाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. इतरांच्या प्रयोगांत कधी परिणाम दिसतो, कधी दिसत नाही. चुंबकाने पाणी हाताळायची कल्पना जुनी आहे. बेल्जियममध्ये व्हर्मेरेन यांनी 1945 मध्ये त्याचं पेटंट घेतलं होतं. इतक्या वर्षांनीही परिणाम भरवशाने पुन्हा पुन्हा दाखवता येत नाही, यालाच मी महत्त्व देते. पण दार बंद करणंही बरोबर नाही.

म्हणून एप्रिल-मेमध्ये दोन महिने मी प्रयोग केला. यंत्र लोखंडी पाइपावरून काढून बोअरच्या नळाला जोडलेल्या सीपीव्हीसीच्या, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपाच्या तुकड्यावर बसवलं, म्हणजे क्षेत्र खरोखर पाण्यापर्यंत पोचेल. इतवारीतल्या एकाच दुकानातून एकाच मापाची स्टीलची दोन पातेली आणली. रोज दोन कळशा भरायच्या, एक चुंबकासकट, एक चुंबक उतरवून. कोणती कळशी 'अ' आणि कोणती 'ब' हे ठरवायची ती सातवीतली मुलगी, आणि ते ती पाकिटात बंद करून स्वतःजवळ ठेवायची. मला माहीत नसायचं. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पातेल्यात एकेक लिटर पंधरा मिनिटं उकळायचं, ओतून द्यायचं, पातेलं उपडं घालून सुकवायचं. नागपूरचा मे महिना, बाहेर पंचेचाळीस, आणि मी शेगडीपाशी. घरच्यांनी खूप सोसलं.

महिन्याअखेर दोन्ही पातेली इतवारीच्या सराफ्यात ओळखीच्या पेढीवर नेली. ते मिलिग्रॅमपर्यंत वजन करतात. भट्टीवरून उतरलेल्या बांगड्यांच्या शेजारी माझी पांढरी पडलेली पातेली काट्यावर चढली. 'अ'वर 4.6 ग्रॅम थर, 'ब'वर 5.3. घरी येऊन पाकीट उघडलं. 'अ' चुंबकाचं निघालं.

पुन्हा पोटात खड्डा पडला. पण मग आठवलं, 'अ' महिनाभर लहान शेगडीवर होतं आणि 'ब' मोठ्या. मोठ्या शेगडीवर उकळी जोरात येते, बुडाशी जास्त थर बसतो. दुसऱ्या महिन्यात शेगड्या बदलल्या. चुंबकाचं पातेलं मोठ्या शेगडीवर आलं, आणि महिन्याअखेर त्यावर 5.2 ग्रॅम थर भरला. बिनचुंबकाचं लहान शेगडीवर, 4.7. फरक शेगडीबरोबर गेला, चुंबकाबरोबर नाही. ओल्या फडक्याने दोन्ही घासून पाहिली. दोन्हीकडून सारखंच कमी निघालं, दोन्हीकडे तासणी लागली.

माझा प्रयोग घरगुती आहे, दोन पातेल्यांचा आहे. त्यावरून जगातल्या सगळ्या चुंबकांवर निकाल द्यायचा नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात, या यंत्राने, थराच्या वजनात आणि चिवटपणात मला फरक सापडला नाही, एवढं मी सही करून सांगेन.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू

या सगळ्यात मला खरी काळजी लागली ती एकाच घराची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू त्याच विक्रेत्याकडून तळाशी चुंबक बसवलेला तांब्या घेऊन आल्या होत्या. त्यांना उजव्या बाजूला मुतखडा. डॉक्टरांनी दोन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगितलं होतं, आणि त्यांनी ती पुढे ढकलली होती. "पाण्यानंच विरघळून राहिला बाई, कळ कमी झाली," म्हणाल्या.

मी त्यांच्याशी भांडले नाही. त्यांच्या पाठीचं एमआरआय मागच्या वर्षी धंतोलीत झालं होतं, ते आठवलं. विचारलं, "काकू, त्या मशीनमध्ये किती वेळ होतात?" "अर्धा तास तर होतेच." त्या मशीनचं चुंबक दीड टेस्लाचं, त्यांच्या तांब्यातल्या चुंबकाच्या कितीतरी पट. आणि एमआरआय पाहतं तेच मुळात शरीरातलं पाणी. पाण्याच्या रेणूतल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना दीड टेस्लात सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख वेळा गिरक्या घ्यायला लावतं आणि त्यांचा आवाज ऐकतं. चुंबक आणि पाणी यांच्या नात्याचा इतका सुंदर उपयोग दुसरा नाही. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना 2003 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. काकू त्यात अर्धा तास होत्या, अंगातल्या सगळ्या पाण्यासकट. बाहेर आल्या तेव्हा पाणी होतं तसंच होतं, आणि खडाही होता तिथेच.

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग तू येशील का माझ्यासोबत?" दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो. खडा होता, थोडा वाढलेला होता, आणि मूत्रपिंडाला किंचित सूज होती. कळ कमी झाली म्हणजे खडा गेला असं नसतं, हे डॉक्टरांनी त्यांना आकृती काढून समजावलं. पुढचे उपचार वेळेवर झाले. पत्रकावरच्या त्या बारीक अक्षरांतल्या ओळीचा मला अजून राग आहे, आणि तो जाऊ नये असंही वाटतं. 1958 पासून पाण्यावर संशोधन करणारी नीरीसारखी संस्था ज्या शहरात आहे, तिथे घरोघर अशी ओळ वाटली जाते.

सोसायटीने काय केलं

रेझिनचा सॉफ्टनर घ्यायचा विचार झाला होता. तो खरोखर काम करतो. रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि त्याच्या बदल्यात सोडियम सोडतं, मग मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजं करावं लागतं. पण मिठाचं ते पाणी दर वेळी गटारात जाणार, आणि आम्हाला त्याची गरजही उरली नव्हती. बोअरचा टायमर पहाटेऐवजी सकाळी आठला लावला, नळ येऊन गेल्यावर. तरंगत्या बॉलचा गळका वॉल्व्ह बदलला. गिझर पन्नास अंशांवर ठेवायला सगळ्यांना सांगितलं. शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे, बुडबुडे येत थर सुटतो.

विक्रेत्याला मी सगळे आकडे लिहून दिले. तो जूनमध्ये यंत्र उतरवून घ्यायला आला, तेव्हा माझ्याकडे चहा घेत बसला आणि संत्र्याचा प्रयोग पुन्हा बघायचा म्हणाला. जूनमध्ये संत्रं मिळालं नाही, म्हणून दोन द्राक्षं टोचली. ती मागे सरकताना पाहून त्याने विचारलं, "काकू, हे मी गिऱ्हाइकाला दाखवलं तर?" मी म्हटलं, जरूर दाखव, पण शेजारी ब्युरेटही ठेव.

दोन्ही पातेल्यांवरून तासलेले थर मी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून ठेवले आहेत. कॅल्साइट किती आणि अ‍ॅरागोनाइट किती हे क्ष-किरणांनी पाहता येतं, आणि माझा एक जुना विद्यार्थी ते करून द्यायला तयार आहे. पंपाच्या खोलीच्या दारावर आता एक वही टांगली आहे. दर सोमवारी ती मुलगी आणि मी नमुना घेतो. पावसाळा लागल्यावरची पहिली नोंद तिच्या अक्षरात आहे: 9.0 मिली, म्हणजे 180.